डेव्हलपिंग टँक किती हलवायचा?

‘टँक जितका जास्त हलवाल, तितका रोल चांगला धुतला जातो.’ घरी कृष्णधवल फिल्म धुणाऱ्यांमधला हा सगळ्यात पक्का गैरसमज. प्रत्यक्षात टँक उलटासुलटा करायचा तो फिल्मला चिकटून राहिलेला, दमलेला डेव्हलपर हटून त्या जागी ताजा यावा म्हणून. आकाश, पांढरा सदरा अशा उजळ भागांत डेव्हलपर झपाट्यानं खर्च होतो, आणि तयार झालेलं ब्रोमाइड पुढचं काम रोखतं. सावलीच्या भागांत कामच थोडं, तिथला डेव्हलपर पुरून उरतो. म्हणून जोरजोरात हलवलं की फायदा होतो तो मुख्यतः उजळ भागांचा: ते दाट होत जातात, कॉन्ट्रास्ट चढतो. सावलीतला जो तपशील फोटो काढतानाच फिल्मवर उतरला नाही, तो कितीही हलवून येत नाही. शिवाय ३५ मिमी फिल्मच्या छिद्रांतून डेव्हलपर वेगानं घुसला, तर काठाशी पट्टे उमटतात ते वेगळेच.

‘इल्फर्डची पद्धत बरोबर की कोडॅकची?’ हा वाद मला निरर्थक वाटतो. इल्फर्ड सांगते, पहिल्या १० सेकंदांत टँक चार वेळा उलटा करा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच. कोडॅक दर ३० सेकंदांनी ५ सेकंद हलवायला सांगते. कोणतीही एक धरा आणि दर रोलला तीच ठेवा. टँक सतत फिरवणार असाल, तर मात्र वेळ साधारण १५ टक्क्यांपर्यंत कमी करावी लागते.

दुसरं टोक म्हणजे ‘हलवूच नका’. १८९१ पासूनचा रॉडिनाल हा डेव्हलपर १+१०० पातळ करून रोल त्यात तासभर तसाच ठेवतात. उजळ भाग आवाक्यात राहतात, कडा ठसठशीत दिसतात, हे खरं. पण ब्रोमाइड खाली ओघळून मोकळ्या आकाशात रेघा उठण्याचा धोका असतो. सुरुवातीला तरी टँक हलवावाच लागतो.

हलवून झाल्यावर टँक ओट्यावर आपटणं हा काही विधी नव्हे. त्यानं हवेचे बुडबुडे सुटतात. बुडबुडा चिकटून राहिला तर निगेटिव्हवर पारदर्शक आणि प्रिंटवर काळा ठिपका येतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. त्या तापमानाला वेळ पाच मिनिटांखाली गेली, तर हलवण्यातला जरासा कमीजास्तपणाही डागांच्या रूपात दिसतो. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांवर आणा.

आणि हायपो, म्हणजे फिक्सर, ओतल्यावर टँक बाजूला ठेवून चहाला जाऊ नका. तिथंही तो हलवावा लागतो.