‘आज शाळेत काड्या मोजल्या’



जून महिना आला की गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाच्या मागण्यांमध्ये एक कारण हमखास दिसतं, मुलाची फी. बी-बियाण्याच्या मागणीच्या बरोबरीनं ते येतं. गावात जिल्हा परिषदेची शाळा असते, चालत पाच मिनिटांवर. पुस्तकं फुकट, दुपारचा आहार तिथंच. तरी लेकरू गाडीत बसून तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातं. का म्हणून विचारलं तर घाटावर काय नि घाटाखाली काय, उत्तर जवळपास सारखंच मिळतं. "इथं शिकवतच नाहीत ना ताई, नुसतं खेळवतात. काय शिकला विचारलं तर म्हणतो, काड्या मोजल्या, मातीचे बैल केले. वही पाहावं तर कोरी."

आपल्या लेकराची शाळा कोणती, हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं. त्यात आम्ही पडणार नाही. पण वही कोरी आहे एवढ्याच कारणावर कर्ज काढायचं असेल, तर त्याआधी त्या काड्यांमध्ये काय दडलंय ते एकदा पाहून घेऊ. ज्या बाईला स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, तिलाही हे तपासता येतं, म्हणून आजचा विषय हाच घेतला.

एक करून बघा. दुसरीतल्या लेकराला म्हणा, पंचवीस लिही. बरीच लेकरं ५२ लिहितात. आपण लगेच म्हणतो, याचं लक्षच नाही. खरं तर त्याचं लक्ष असतं म्हणूनच ते तसं लिहितं. शब्द कानावर कसा पडतो पाहा: पंच-वीस. आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लेकरानं ऐकलं त्याच क्रमानं लिहिलं, आधी ५, मग २. आपल्या मराठीत अकरापासून पुढे सुटे आकडे आधी बोलले जातात आणि दहांचा भाग नंतर. लिहिताना मात्र बरोबर उलटं. एकोणतीस तर त्याहून अवघड. कानाला ऐकू येतं तीस आणि लिहायचे असतात २९. एकोण म्हणजे एक उणा, तीसला एक कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच चाल चालते, आणि ती अंगवळणी पडली की शेवटी नव्याण्णव येऊन ती मोडून टाकतं. आपण हे सगळं लहानपणी कधीतरी गिळलंय, म्हणून आता त्याचा त्रास जाणवत नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्या वाचायची पद्धत दिली होती, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला ते काही जणींना आठवत असेल. थट्टाही खूप झाली. पण त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष असलेल्या डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या ते हेच, की जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे हे शब्द लहान मुलांना जड जातात. शब्द बदलावेत की नाही, यावर दोन मतं असू शकतात. आम्हाला स्वतःला पंचवीस हा शब्द सोडवत नाही. अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्यावर एक उपाय काड्यांचा आहे.

पंचवीस सुट्या काड्या लेकरापुढे टाका. दहा मोजून गठ्ठा बांधायला सांगा. आणखी दहा, आणखी एक गठ्ठा. आता दोन गठ्ठे झाले आणि पाच काड्या सुट्या राहिल्या. गठ्ठे लेकराच्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला. गठ्ठे किती? दोन. त्यांच्याखाली खडूनं २. सुट्या किती? पाच. त्यांच्याखाली ५. झाले पंचवीस. मग म्हणा, आता बावन्न करून दाखव. पाच गठ्ठे नि दोन सुट्या असा ढीग समोर आला की लेकराचं त्यालाच कळतं, दोन्हींत किती फरक आहे ते. मग तेच हसतं. ‘एकक-दशक’ हे शब्द फळ्यावर शंभर वेळा लिहून जे होत नाही, ते इथं हातानं होतं. कारण दहा काड्या बांधल्या की त्यांचं ‘एक’ होतं, हे त्यानं स्वतः बांधून पाहिलेलं असतं.

पुढे बेरजेत हातचा येतो. सतरा आणि पाच. सुट्या सात आणि पाच, झाल्या बारा. त्यातल्या दहांचा नवा गठ्ठा बांधला आणि गठ्ठ्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. हाच हातचा एक. आपण बेरीज शिकलो तेव्हा हातचा बोटावर धरायला सांगत. तो एक म्हणजे मुळात दहा आहे, हे आपल्याला कोणी सांगितलं होतं का?

वजाबाकीत तर आणखी मजा. बत्तीसमधून सात काढा. सुट्या काड्या दोनच, सात द्यायच्या कशा? फळ्यावरचं गणित म्हणतं, शेजारून उसना घ्या. मैत्रिणींनो, उसनं घेतलं की फेडावं लागतं हे आपल्याला गटात बसून पक्कं माहीत आहे. इथं तर कोणीच काही फेडत नाही! लेकरू गोंधळेल नाही तर काय? खरं म्हणजे हा उसनवारीचा व्यवहारच नाही. आपलाच एक गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या केल्या, एवढंच. बचतीच्या पेटीत शंभराची नोट आहे आणि एकीला तीस रुपये परत द्यायचेत, तेव्हा आपण नोट मोडून सुटे आणतो, तसंच हे. जी बाई गटाची रोकड चुकू देत नाही, तिला दशक-एकक येतंच. फक्त त्याचं शाळेतलं नाव तिला कोणी सांगितलेलं नसतं.

ही काही आजकालची थेरं आहेत असंही समजू नका. ताराबाई मोडक यांचं नाव अंगणवाडी सेविकांनी ऐकलेलं असतं. १८९२ सालचा त्यांचा जन्म, लग्नानंतर काही काळ त्या अमरावतीत, म्हणजे आपल्याच वऱ्हाडात होत्या. पुढे गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं आणि १९४५ साली बोर्डीला, आताच्या पालघर जिल्ह्यात, बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. माँटेसरी बाईंच्या पद्धतीत मुलांनी हात लावून शिकायची साधनं फार सुबक, पण महाग. खेड्यात ती आणायची कुठून? या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच साधनं केली. नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभं राहिलं. पोरं गुरांमागे जायची, म्हणून शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. आणि मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात भरवली. आपल्या अंगणवाडीचं नाव आणि कल्पना त्यांच्या कामातून आली असं मानलं जातं. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं.

आपल्या शाळांमध्ये हे वारं अलीकडे जोरात आलं ते २०१५ च्या सुमारास. साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी, मुलाला स्वतः करून शिकू द्यायचं, या पद्धतीनं काम केलं. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले आणि ‘ज्ञानरचनावाद’ हा जड शब्द गावोगावी पोहोचला. त्याच वर्षी २२ जूनला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. मग वर्गांच्या फरशीवर रंगीत तक्ते, चौकोन, अक्षरं आली. काही ठिकाणी त्यातून खरंच चांगलं काम झालं. काही ठिकाणी फरशी तेवढी रंगली. कोणी पाहुणे आले की मुलांना तिच्यावर बसवायचं, एरवी रंग खराब होतो म्हणून बाजूनं चालायला लावायचं. तेव्हा रंगलेली फरशी म्हणजे चांगली शाळा, असा हिशेब करू नका.

सध्या जो शब्द तुमच्या कानावर येतो तो ‘निपुण’. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, त्यांत आयांचे गट करतात आणि घरी करायच्या कृती सांगतात, त्याही याच रांगेतल्या. आपल्यापैकी कितीतरी जणी अशा माता गटात नावापुरत्या आहेत. फोटो झाला, सही झाली, घरी गेल्या. तिथं मिळालेला कृतींचा कागद चुलीत घालू नका एवढंच सांगतो. एखादीला वाचता येत असेल तर बैठकीत तो मोठ्यानं वाचून दाखवावा.

काड्या सोडून बाकी गोष्टी थोडक्यात. मातीचे बैल पोळ्यालाच करायचे असं नाही. माती मळताना, शिंगं ओढताना बोटांत जोर येतो, आणि तो जोर आल्याशिवाय पेन्सिल धरवत नाही. तीन वर्षांच्या लेकराच्या हातात पेन्सिल देऊन ‘अ’ गिरवून घेणाऱ्या घरांना हे सांगायला हवं. तूर, मूग, हरभरा मिसळून वेगळे करायला दिले तर लेकरू सारखं काय नि वेगळं काय ते पाहायला शिकतं. पुढे ‘घ’ आणि ‘ध’ ओळखायला तीच नजर लागते. परातीत बारीक माती पसरून बोटानं अक्षर काढलं तर चुकलं की परात हलवायची, पाटी पुन्हा कोरी. खोडरबरासाठी रडारड नाही. पाण्याचा खेळही द्या: एक तांब्या पाणी उंच पेल्यात ओता, तेवढंच पसरट ताटात ओता, आणि विचारा जास्त कुठं? पाच-सहा वर्षांची लेकरं उंच पेल्यालाच जास्त म्हणतात. त्यांना सांगू नका की चूक आहे. परत तांब्यात ओतून मोजू द्या. आज नाही पटलं तर सहा महिन्यांनी पटेल.

आता जी बाई म्हणते की नुसतं खेळवतात, ती कधीकधी बरोबरही असते. काड्या वाटल्या, मुलं तलवारी करून खेळली, मास्तर ऑनलाइन माहिती भरत बसले, असंही होतं. कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक. त्या दोघांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे नि कागदही रंगवायचे. मग शिकवणारा खेळ कोणता आणि वेळ घालवणारा कोणता, हे ओळखायचं कसं? संध्याकाळी लेकराला ‘काय शिकवलं?’ असं विचारू नका. ‘काय केलंस ते मला करून दाखव’ म्हणा. काड्यांनी तेवीस करून दाखवले, आणि एक गठ्ठा काढून घेतल्यावर किती उरले ते न मोजता सांगितलं, तर शाळेत काम झालंय. चार-सहा आठवडे रोज काड्याच, पण गठ्ठा बांधताच येत नाही, तर जाऊन विचारायला हवं. आणि तिसरी उजाडली तरी काड्यांशिवाय बेरीज होत नसेल, तर तेही ठीक नाही. काड्या हातातून सुटायलाच असतात. पाढेही पाठ हवेतच, त्यात आम्ही जुन्या मताचे आहोत. फक्त चार त्रिक बारा म्हणजे तीन-तीनच्या चार ओळी, हे आधी चिंचोके मांडून दिसू द्या.

विचारायला जाताना एकटीनं भांडायला जाऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायांच्या. तुमच्या गटातली एखादी तरी त्या समितीत असेल. ती बैठकीला जाते की तिचा नवरा जातो, हे आधी तपासा. आपल्या दशसूत्रीत शिक्षण हे सूत्र आहे. महिन्यातली एक बैठक दहा मिनिटं त्याला द्या, आणि सगळ्यांची दुसरीतली लेकरं तिथंच काड्या घेऊन बसवा.

शाळेत बाल आनंद मेळावा भरतो, लेकरं भाजी, भेळ, चिवडा विकतात, तेव्हा आपण एक गडबड करतो. पोहे आपण करतो, गिऱ्हाईक आपण बोलावतो, पैसेही आपणच मोजतो. लेकरू बाजूला भेळ खात उभं. ते सुटे पैसे परत देण्याचं काम त्याला करू द्या. पाच-दहा रुपयांचं नुकसान झालं तर झालं. कॉन्व्हेंटच्या एका महिन्याच्या फीपुढे ते काहीच नाही.

गुरुजींना साहित्य जमवून द्यायचं असेल तर पैसे गोळा करू नका, काड्या गोळा करा. तुऱ्हाटीच्या शेंड्याकडच्या बारीक काड्या किंवा खराट्याच्या काड्या चांगल्या. एका बोटाएवढ्या सारख्या कापा, टोकं दगडावर घासून घ्या, दोन दिवस उन्हात वाळवा. एका लेकराला शंभर धरा. दाणे आणि चिंचोके मात्र मोठ्यांच्या नजरेखालीच द्या. लहानगी नाकात हरभरा घालतात, आणि धाकटं भावंडं रांगत असेल तर खेळ संपताच सगळं उचलून ठेवा. गठ्ठ्याला दोऱ्याची गाठ मारू नका, रबर द्या. गठ्ठा लेकराला स्वतःच्या हातानं बांधता आणि सोडता आला पाहिजे.