पाचशे कोटींत एक

टायफॉइडने फणफणलेल्या माणसाच्या दंडातून एक मिलिलिटर रक्त काढलं, तर त्यात सुमारे 500 कोटी तांबड्या पेशी असतात. पांढऱ्या पेशी साधारण 40 लाख ते 1 कोटी. आणि ज्याने ताप 104 अंशांवर नेला तो साल्मोनेला टायफी हा जंतू? सरासरी एक. अंगातल्या पाच लिटर रक्तात मिळून पाचेक हजार. हे सगळे एकामागे एक ओळीत मांडले, तर ती ओळ जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरेल.

आता समोरची फौज पाहा. प्रौढ माणसाच्या शरीरात रोगप्रतिकारक पेशी सुमारे 1.8 लाख कोटी, वजन सव्वा किलोच्या आसपास. त्यांपैकी न्यूट्रोफिल या एकाच जातीच्या पेशी अस्थिमज्जा रोज 10 हजार कोटी घडवते, म्हणजे दर सेकंदाला 10 लाखांहून जास्त. एवढी फौज असूनही जुनी माणसं याला ‘मुदतीचा ताप’ म्हणत, कारण औषध नसताना तो तीन-चार आठवडे हटत नसे. ही मुदत कशात जाते?

पहिला पहारा जठराचा. तिथलं आम्ल शुद्ध पाण्याच्या लाखपट तीव्र असू शकतं. अमेरिकेत मेरीलँडमध्ये स्वयंसेवकांना मोजून जंतू पाजले गेले. 1 हजार जंतूंनी कुणीच आजारी पडलं नाही. 1 लाखाने शंभरातले 28 पडले, 1 कोटीने निम्मे, 100 कोटींनी 95. पुढे ऑक्सफर्डमध्ये आधी खाण्याचा सोडा पाजून आम्ल मारलं, तेव्हा 10 हजार जंतूंनीच निम्म्याहून जास्त लोक आजारी पडले.

जठरातून निसटलेला जंतू लहान आतड्याच्या भिंतीत शिरतो. त्याच्या अंगावर ‘व्हीआय’ नावाचं साखरेचं आवरण असतं, त्यामुळे पहारेकऱ्यांना तो चटकन ओळखू येत नाही. भक्षक पेशी त्याला गिळते, पण पचवू शकत नाही. तिच्याच पोटात राहून तो वाढतो आणि तिच्याबरोबर यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा गाठतो. मज्जेत तो रक्ताच्या दहापट सापडतो. रक्तातलेही निम्म्याहून अधिक जंतू पेशींच्या आत दडलेले असतात. बाहेरून काही जाणवत नाही, आणि यातच आठवडा-दोन आठवडे निघून जातात.

भक्षक पेशीला आतला जंतू मारण्याचं बळ टी पेशी नावाच्या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशी देतात. पण नेमका हाच जंतू ओळखणारी टी पेशी लाखांत एखादीच. ती दुप्पट होत होत वाढते. बारा तासांनी एकदा दुप्पट धरलं, तरी एकीच्या सोळा हजार व्हायला सात दिवस लागतात. तिकडे प्रतिपिंडं तयार करणारी एकेक पेशी सेकंदाला दोनेक हजार प्रतिपिंडं सोडते, म्हणजे दिवसाला 17 कोटी. मुदत जाते ती या तयारीत.

टायफॉइडसाठी करतात त्या विडाल तपासणीच्या कागदावर ‘1:160’ लिहिलेलं असतं, ते याच प्रतिपिंडांचं माप. रक्तद्रव 160 पट पातळ करूनही त्यात जंतूंच्या गुठळ्या झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या संसर्गाची प्रतिपिंडंही तोच आकडा दाखवू शकतात. खात्रीसाठी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी हवी, आणि मिलिलिटरात एकच जंतू असल्याने मोठ्यांचं आठ-दहा मिलिलिटर रक्त घ्यावं लागतं. तरी शंभरातले साठेकच रुग्ण त्यात सापडतात. आधी अँटिबायोटिक घेतलं असेल, तर तो एकही जंतू हाती न लागण्याची शक्यता वाढते.

जगात दरवर्षी सुमारे 90 लाख लोकांना टायफॉइड होतो आणि 1 लाख 10 हजार जण दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 सालचा अंदाज आहे. फौजेला शत्रूची ओळख आधीच करून देणारी लस आज उपलब्ध आहे. त्या जंतूचं व्हीआय आवरणच प्रथिनाला जोडून ती बनवतात, आणि ती नऊ महिन्यांच्या बाळालाही देता येते. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सार्वजनिक मोहिमेत ही लस देण्याची जगातली ती पहिलीच वेळ.

म्हणून एवढं करा. पाणी उकळून प्या, मुलांच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. ताप उतरत नसेल, तर अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी कल्चर करायचं का, हेही विचारा. आणि औषध सुरू झालं, की बरं वाटलं तरी ते मध्येच सोडू नका.