तंबाखूचा शेंडा खुडला की पान ‘कडक’ का होतं?

निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूचं पीक पाहिलं असेल, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. फुलोरा येण्याच्या बेताला शेतकरी झाडाचा शेंडा खुडून टाकतात. बियांकडे जाणारं बळ पानांत राहतं, पान जाड होतं, हे खरंच. पण त्याच वेळी पानातलं निकोटिनही वाढतं.

गंमत म्हणजे निकोटिन पानात तयार होतच नाही. ते मुळांत बनतं आणि पाण्याबरोबर वर चढून पानात साठतं. झाडासाठी ते कीटकनाशक आहे. माणसाला त्याचं व्यसन लागलं, हा वेगळाच किस्सा!

खुडणं ही झाडासाठी जखमच. अळीने पान कुरतडलं तरी असंच होतं. जखम झाली की पानात जॅस्मोनेट नावाचं संप्रेरक तयार होतं आणि मुळांना निरोप जातो: माल पाठवा.

मग झाड कायमच निकोटिनने भरलेलं का राहत नाही? कारण ते महाग पडतं. निकोटिनच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे 2 अणू असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून अन्न बनवण्याचं काम रुबिस्को हे प्रथिन करतं आणि पानातल्या नायट्रोजनचा मोठा वाटा या एकट्या प्रथिनात अडकलेला असतो. म्हणजे युरियाचं पोतं एकच. त्यातून स्वयंपाकघरही चालवायचं आणि दारूगोळाही करायचा.

त्यामुळे एक समज पक्का होता: झाड एक तर वाढेल, नाहीतर लढेल. 2016 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांनी याला धक्का दिला.

त्यांनी घेतलं अरॅबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातलं वीतभर रोप. (फोडणीतल्या मोहरीचा झणका हाही मुळात किड्यांसाठीच असतो.) झाडात जॅझ नावाची प्रथिनं संरक्षणावर ब्रेक लावून बसलेली असतात. जॅस्मोनेट आलं की ती नष्ट होतात आणि ब्रेक सुटतो. शास्त्रज्ञांनी यातल्या 5 प्रथिनांची जनुकं निकामी केली. अळ्यांना रोप झेपेना, पण रोपही खुरटलं. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणेच.

मग त्यांनी फायटोक्रोम बी हेही बंद केलं. हा झाडाचा प्रकाश ओळखणारा सेन्सर. शेजारच्या झाडांची सावली पडली की त्याचं काम मंदावतं आणि झाड उंच धावायला लागतं. एरवी अशा धावपळीत झाड संरक्षण ढिलं सोडतं, म्हणून दाट पेरलेली रोपं उंच होतात, पण किडीसमोर दुबळी पडतात. या रोपात मात्र संरक्षणाचे ब्रेक आधीच काढलेले होते. ते वाढलंही आणि अळ्यांना पुरूनही उरलं.

याचा अर्थ, पहिल्या रोपाचं खुरटणं निव्वळ अन्न कमी पडल्यामुळे नव्हतं. झाड स्वतःच वाढ आवरत होतं. आणि आवरणं शहाणपणाचंच आहे, कारण उद्या पाऊस पडेल की टोळधाड येईल, हे त्याला कुठे माहीत असतं?

हे वाचून फवारणीशिवाय भरघोस पिकाचं स्वप्न पडलं असेल, तर पुढचा प्रयोगही ऐका. 2018 मध्ये याच गटाने 13 पैकी 10 जॅझ जनुकं निकामी केली. किडीविरुद्ध रोप जबरदस्त निघालं, पण श्वसनाचा खर्च इतका वाढला की पानं उपाशी असल्याची लक्षणं दाखवू लागली. बीही कमी धरलं. अकरावं जनुक काढल्यावर तर उगवण्याजोगं बी जवळपास मिळालंच नाही.