काडाच्या चांदण्या

येना, जर्मनी
डिसेंबर



इकडे आता दुपारी चारलाच सूर्य मावळतो आणि अंधार पडला की घरोघरच्या खिडक्या उजळू लागतात. थुरिंगिया राज्यातलं हे येना गाव भिंगांसाठी आणि काचेसाठी जगभर ओळखलं जातं. कार्ल झाइस यांनी 1846 साली आपली कार्यशाळा इथेच उघडली. पण डिसेंबरात या खिडक्यांत जे टांगलेलं दिसतं, ते पुष्कळदा घरातच बनलेलं असतं. गव्हाच्या काडाच्या चांदण्या, कागदी पिशव्यांचे तारे, वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या, सोनेरी रंग दिलेले अक्रोड. जगाला मोटारी आणि यंत्रं विकणाऱ्या देशात नाताळची मानाची सजावट जवळजवळ फुकटच्या वस्तूंची असते. याचं कारण या देशाच्या इतिहासात सापडतं आणि ते आपल्या धामणगाव बढे गावाच्याही कामाचं आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक खुलासा. जर्मनीत सगळे लोक चर्चला जाणारे असतील असं आपल्याकडे वाटतं. तसं नाही. इथे जो चर्चचा सभासद असतो, त्याच्याकडून सरकार आयकराबरोबर चर्चकरही वसूल करतं. थुरिंगियात तो आयकराच्या 9 टक्के आहे. हा भाग 1990 पर्यंत साम्यवादी राजवटीखाली होता आणि आजही इथले बहुसंख्य लोक कोणत्याच चर्चचे सभासद नाहीत. तरीही काडाची चांदणी त्यांच्या खिडकीत असते. नाताळ इथे देवळाइतकाच घरातल्या जेवणाच्या टेबलाचा सण आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार त्याच्या तयारीचे. त्या दिवशी दुकानं बंद असतात, बाहेर कडाक्याची थंडी असते, आणि आजी, आई-बाप, मुलं कात्री, दोरा, डिंक घेऊन बसतात.

या चार रविवारांसाठी चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं टेबलावर ठेवतात. त्याचा उगम मला फार मोलाचा वाटतो. हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिष विखर्न नावाचे धर्मोपदेशक गरीब, निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवत. नाताळ कधी येणार, असं मुलं रोज विचारत. तेव्हा 1839 साली विखर्न यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक आडवं टांगलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या वीस लहान मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. मोडीत निघालेल्या चाकापासून सुरू झालेली ही रीत आज देशभरातल्या घरांत आहे.

आता काडाच्या चांदणीकडे वळतो, कारण ती आपल्याला सर्वांत जवळची. गव्हाचं किंवा राय नावाच्या धान्याचं लांब, न मोडलेलं काड घेतात. पेरं काढून टाकून मधला गुळगुळीत भाग कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवतात. नरम झालं की चाकूच्या टोकानं उभं चिरतात, उलगडतात आणि वरून इस्त्री फिरवतात. काडाची सपाट, चकचकीत पट्टी तयार होते. इस्त्री जास्त तापवली आणि जरा वेळ टेकवून धरली की पट्टी तांबूस-तपकिरी होते. रंग विकत आणायला नको. फिकट पिवळ्यापासून काळपट सोन्यापर्यंतच्या छटा एकाच पेंढीतून निघतात. मग पट्ट्या अधिक चिन्हासारख्या एकावर एक ठेवायच्या, मध्यभागी बोटानं दाबून धरायच्या आणि दोरा एकीच्या वरून, दुसरीच्या खालून असा फिरवून गाठ मारायची. शेवटी टोकं कात्रीनं तिरपी कापली की चांदणी झाली. आठ टोकांची चांदणी मुलांनाही जमते. सोळा-बत्तीस टोकांची करायला मात्र हात बसलेला लागतो. अशी चांदणी वजनाला काहीच नसते. खोलीतल्या गरम हवेच्या झुळकेनंही ती फिरते. काही घरांत नाताळच्या झाडावर अजून खऱ्या मेणबत्त्या लावतात. तिथे शेजारी पाण्याची बादली भरून ठेवलेली असते, कारण वाळलेलं काड आणि ज्योत यांचं वैर इथेही आहेच.

कागदी पिशव्यांचा तारा याहून सोपा. इथे डब्याचा पाव ज्या पातळ कागदी पिशवीत बांधून देतात, तशा सात ते नऊ पिशव्या लागतात. पिशवीच्या तळाशी आडवी आणि मधोमध उभी अशी डिंकाची रेघ ओढून त्यावर दुसरी पिशवी, तिच्यावर तिसरी. गठ्ठा वाळला की वरची कड टोकदार कापायची, बाजूंना नक्षी कापायची आणि पंख्यासारखा उघडून दोन टोकं चिकटवायची. हातभर व्यासाचा तारा पाच मिनिटांत डोळ्यांपुढे उभा राहतो. येनापासून जवळच बाट ब्लांकेनबुर्ग नावाचं गाव आहे. फ्रीडरिश फ्रोबेल यांनी 1840 साली जगातल्या पहिल्या बालवाडीला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं ते तिथे. हातानं घडी घालत, विणत, कापत मूल शिकतं, हा त्यांचा आग्रह. चार कागदी पट्ट्यांच्या एका गुंतागुंतीच्या ताऱ्याला आजही त्यांचं नाव आहे.

झाडावर टांगायचे काचेचे चकचकीत गोळे तरी श्रीमंतीचे असतील, असं वाटेल. तेही गरिबीतूनच आले. येनाच्या दक्षिणेला डोंगरात लाउशा नावाचं गाव आहे, तिथे 1597 पासून काचेची भट्टी. पूर्वी नाताळच्या झाडाला सफरचंदं आणि अक्रोड टांगत. एका काच फुंकणाऱ्याला तेही परवडेना, म्हणून त्यानं 1847 च्या सुमारास काचेचीच फळं फुंकली, अशी कथा तिथे सांगतात. कथा कथा म्हणून घेऊ. पुढचा भाग मात्र इतिहास आहे. 1867 साली गावात गॅस आला, ज्योत हवी तशी राखता येऊ लागली आणि पातळ, मोठे गोळे निघू लागले. सगळं घर राबायचं: बाप फुंकायचा, आई आतून चांदीचा मुलामा द्यायची, मुलं रंगवायची. बायका पाठीवर मोठी टोपली घेऊन झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे माल पोचवायच्या. भाव व्यापारी ठरवायचे. 1880 पासून वुलवर्थ या अमेरिकन दुकानदारानं हा माल अमेरिकेत खपवला आणि अमाप पैसा केला. कापसाच्या भावासाठी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या आपल्या भागाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. लाउशात आजही काच फुंकतात आणि तिथला हाती केलेला गोळा आता योग्य दामाला जातो, ही समाधानाची बाब.

दुसऱ्या महायुद्धातली हकिगत मला सर्वांत जास्त हलवून गेली. जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब टाकताना ब्रिटिश विमानांनी रडार आंधळं करण्यासाठी अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे ढीग आकाशातून सोडले. पुढे हे देशभर होत राहिलं. शेतांत, रस्त्यांवर पडलेल्या या चंदेरी पट्ट्या मुलांनी गोळा केल्या आणि नाताळला झाडावर टांगल्या. बाजारात काही मिळत नव्हतं. जे आकाशातून पडलं त्याचीच झालर झाली. त्या पिढीनं ही काटकसर आयुष्यभर जपली. सण संपला की झाडावरची चंदेरी झालर एकेक करून काढायची, हातानं सरळ करायची आणि पुढच्या वर्षासाठी कागदात गुंडाळून ठेवायची, ही अनेक घरांतली सवय होती. कुठल्याही घरातला सजावटीचा खोका उघडला की नातवाची चांदणी आणि आजीची चांदणी शेजारीशेजारी निघतात. 6 जानेवारीनंतर झाड रस्त्याच्या कडेला ठेवतात. ते गोळा होऊन जातं; बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात तर न विकली गेलेली झाडं हत्तींना खायला घालतात.

सगळंच असं आहे, असं मी म्हणणार नाही. स्वस्त दुकानांत चीनहून आलेल्या प्लॅस्टिकच्या सजावटीचे ढीग इथेही लागतात आणि जानेवारीत कचरापेट्या भरतात. फरक एवढाच, की हातानं केलेली वस्तू इथे कमीपणाची मानत नाहीत. पाहुण्यांना ती आधी दाखवतात.

आपल्याकडे नेमकं इथेच बिघडलं, असं मला वाटतं. कोजागिरीला भुलाबाईला ज्वारीच्या धांड्यांचा मखर आपणच बांधत होतो. पोळ्याला बैलांचे गोंडे घरीच होत होते. दिवाळीचा आकाशकंदील कामट्या आणि घोटीव कागदाचा असायचा. मग थर्माकोल आला आणि घरची वस्तू गावंढळ ठरली. महाराष्ट्र सरकारनं 23 मार्च 2018 रोजी थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. पण बंदीनं फक्त वाईट वस्तू जाते, चांगली आपोआप येत नाही. ती करावी लागते.

आणि सामान तर आपल्या मोताळा तालुक्यात पायाखाली आहे. कापूस वेचल्यावर पऱ्हाटीला राहिलेली चार-पाच पाकळ्यांची रिकामी बोंडं म्हणजे तयार फुलंच. थोडा चुना किंवा रंग लावला की तोरणात ओवता येतात. मात्र एक सावधगिरी हवी. गुलाबी बोंडअळी याच बोंडांत दडून राहते. म्हणून ती आधी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावीत, आणि बाकी पऱ्हाटीचा शेतातच बंदोबस्त करावा. मक्याच्या कणसाची वाळलेली पानं ओलसर करून, दुमडून, दोऱ्यानं बांधून चेक आणि स्लोव्हाक लोक सुंदर बाहुल्या करतात. आपल्याकडे ती पानं बांधावर पडून असतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी यांचा गोळा लाटून, कापून, उन्हात वाळवला की टांगायची नक्षी होते. अकोला-खामगावकडच्या चर्चमध्ये नाताळला ही सजावट शोभेल, तशी गणपतीला, महालक्ष्मीला आणि दिवाळीलाही शोभेल. बचत गटातल्या बायांनी मनावर घेतलं तर चार पैसेही मिळतील.

गुरुजी-बाईंना आणि शेतकरी बंधूंना एक विनंती करून थांबतो. हार्वेस्टरमधून निघालेलं काड तुटून जातं, ते चांदणीला चालत नाही. यंदा गव्हात मशीन घालण्याआधी बांधालगतची एक पेंढी विळ्यानं कापा, सावलीत वाळवा आणि शाळेत पोचवा. चांदणी कशी बांधायची ते वर लिहिलंच आहे.