हॉटेल व्यवसायातील परिस्थिती-अवलोकन

हॉटेले, उपाहारगृहे, विश्रामस्थाने इ. आतिथ्य व्यवसायांवर बाहेरून परिणाम करणाऱ्या आर्थिक, सामाजिक, राजकीय, कायदेविषयक, तांत्रिक व नैसर्गिक घटकांची माहिती पद्धतशीरपणे गोळा करणे, तिचा अन्वयार्थ लावणे आणि दीर्घ मुदतीच्या व्यूहात्मक नियोजनासाठी तिचा उपयोग करणे, या प्रक्रियेस परिस्थिती-अवलोकन असे म्हणतात. बाजारपेठ-संशोधनाहून तिची व्याप्ती अधिक असते. खोलीचे भाडे किती ठेवावे यासारख्या ठरावीक प्रश्नाचे उत्तर बाजारपेठ-संशोधनातून मिळते. जो प्रश्न अद्याप उपस्थित झालेला नाही, पण होऊ घातला आहे, त्याची चाहूल अवलोकनामुळे लागते.

या व्यवसायात अवलोकनाला विशेष महत्त्व येण्याची कारणे प्रामुख्याने तीन आहेत : (१) हॉटेलाचा माल साठवून ठेवता येत नाही. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही. मात्र कर्जावरील व्याज, पगार, विजेचा बराचसा खर्च व देखभाल ही चालूच राहतात. (२) भांडवल जमीन व इमारत यांत गुंतलेले असते. गिऱ्हाईक दुसरीकडे वळले, तरी हॉटेल हलविता येत नाही. (३) मागणी ही परावलंबी असते. प्रवासी व्यापार, यात्रा, विवाह वा सुटी यांसाठी घराबाहेर पडतो. त्यामुळे विमानभाडे, परकीय चलनाचा दर, शाळांच्या सुट्या, एवढेच नव्हे तर दूरच्या देशातील युद्ध यांचाही परिणाम खोल्या भरण्याच्या प्रमाणावर होतो.

इतिहास : भोवतालच्या बदलांचा वेध घेण्याची दृष्टी या संकल्पनेहून जुनी आहे. सुएझ कालव्यामुळे (१८६९) यूरोप व मुंबई यांमधील सागरी प्रवास सुकर झाला होता. मुंबईचे हे वाढते महत्त्व ध्यानात घेऊन जमशेटजी टाटा यांनी बंदरालगत उभारलेले ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत केमन्स विल्सन यांनी १९५२ मध्ये मेंफिस येथे ‘हॉलिडे इन’ हे पहिले पथिकगृह काढले. मोटारीने सहकुटुंब प्रवास करणाऱ्यांची वाढती संख्या आणि मुलांसाठी वेगळे भाडे आकारण्याची तत्कालीन प्रथा या दोन गोष्टी त्यांनी हेरल्या होत्या. पुढे १९५६ च्या महामार्ग अधिनियमाने आंतरराज्य रस्त्यांचे जाळे विणले जाऊ लागले, तेव्हा या साखळीचा झपाट्याने विस्तार झाला. जुन्या रस्त्यांवरील अनेक पथिकगृहे मात्र वाहतूक दुसरीकडे वळल्याने ओस पडली.

या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी फ्रान्सिस ॲगिलार यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. त्यांनी अवलोकनाचे चार प्रकार सांगितले : निर्हेतुक पाहणी, विशिष्ट विषयाकडे कल असलेली पाहणी, अनौपचारिक शोध व औपचारिक शोध. १९७३ च्या तेलसंकटाने भूतकाळाच्या आधारे भविष्याचे अंदाज बांधण्याची पद्धत अपुरी ठरविली. इगॉर अँसॉफ यांनी १९७५ मध्ये ‘क्षीण संकेतां’ची कल्पना मांडली. मोठे बदल एकाएकी येत नसून त्यांच्या अंधुक खुणा आधी दिसत असतात, हे तिचे सार होय. आतिथ्य व्यवसायापुरता या विषयाचा अभ्यास १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मायकेल ऑल्सेन प्रभृतींनी केला.

व्याप्ती : अवलोकनाचे क्षेत्र दोन वर्तुळांत विभागतात. निकटच्या वर्तुळात गिऱ्हाइके, स्पर्धक, पुरवठादार, प्रवासी संस्था, आरक्षण करणारे मध्यस्थ व कामगार यांचा समावेश होतो. दूरच्या वर्तुळात शासकीय धोरण, अर्थव्यवस्था, लोकसंख्या, तंत्रविद्या, हवामान इ. घटक येतात. दूरच्या वर्तुळातील बदल कालांतराने निकटच्या वर्तुळात उतरतात. उदा., माहिती-तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे राहत्या घरातील खोल्या प्रवाशांना देणे सुलभ झाले आणि २००८ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्थापन झालेली ‘एअरबीएनबी’ ही संस्था, स्वतःची हॉटेले नसतानाही, हॉटेलांची प्रतिस्पर्धी बनली.

गोव्यातील अनुभव : गोव्याच्या किनाऱ्यावरील अनेक हॉटेले परदेशी चार्टर विमानांनी येणाऱ्या प्रवाशांवर दीर्घकाळ अवलंबून होती. ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या हंगामासाठी प्रवासी संस्था खोल्या ठोक भावाने राखून ठेवीत. २०१४ च्या उत्तरार्धात खनिज तेलाचे भाव कोसळले व रूबलची मोठी घसरण झाली. परिणामी रशियन प्रवाशांची संख्या घटली. ब्रिटनमधील ‘टॉमस कुक’ ही प्रवासी कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी, म्हणजे हंगामाच्या तोंडावर, बंद पडली आणि तिची चार्टर विमाने रद्द झाली. (त्याच नावाची भारतीय कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची असल्याने तिचा या घटनेशी संबंध नव्हता.) ही घटना अनपेक्षित भासली, तरी तिचे संकेत आधी मिळाले होते : मे २०१९ मध्येच त्या कंपनीने सहामाहीचा सु. १५० कोटी पौंडांचा तोटा जाहीर केला होता. परदेशातील हे वृत्त ज्या हॉटेलचालकाच्या दृष्टीने ‘आपल्या धंद्यातील’ वृत्त ठरते, त्याला आगाऊ रक्कम मागण्यास व देशी गिऱ्हाईक शोधण्यास चार महिने मिळतात. न ठरल्यास हंगामी वाढपी, स्वयंपाकी, भाड्याची मोटार चालविणारे व मासळी पुरविणारे यांच्या मिळकतीवरही गदा येते.

शासकीय निर्णयांचा परिणामही असाच दूरगामी असतो. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या अधिसूचनेमुळे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध आले. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मी. अंतराच्या आत मद्यविक्रीस मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १५ डिसेंबर २०१६ रोजी झाला. त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०१७ पासून सुरू झाल्यावर महाराष्ट्र व गोव्यातील अनेक उपाहारगृहांचे उत्पन्न घटले. पुढे न्यायालयाने लहान गावांसाठी हे अंतर २२० मी. केले व नगरपालिका क्षेत्रांबाबत सवलत दिली. रु. ७,५०० वा अधिक भाड्याच्या खोल्यांवर २०१७ मध्ये लागू झालेला २८% वस्तू व सेवा कर ऑक्टोबर २०१९ पासून १८% करण्यात आला. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील विमानतळ सुरू झाल्याने उत्तर गोव्यातील स्थानांचे तुलनात्मक महत्त्व वाढले.

कार्यपद्धती : मोठ्या साखळी-हॉटेलांत या कामासाठी स्वतंत्र विभाग असू शकतो, लहान हॉटेलात ते मालक वा व्यवस्थापकाने करावयाचे असते. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे : (१) माहितीची साधने निश्चित करणे. राजपत्रातील अधिसूचनांचे मसुदे, नगरपालिकेचे विकास आराखडे, विमानांची वेळापत्रके आणि मुख्यतः हॉटेलाचीच नोंदवही ही साधने स्वस्त व उपयुक्त असतात. पाहुणा कोठून, कोणामार्फत, कशासाठी आला व किती दिवस राहिला, याची काही वर्षांची नोंद पुष्कळ काही सांगून जाते. (२) प्रत्येक संकेताची संभाव्यता व परिणामाची तीव्रता यांनुसार प्रतवारी करणे. (३) दोन-तीन पर्यायी भविष्यचित्रे कल्पून त्या प्रत्येकात हॉटेल तग धरील काय, हे तपासणे. (४) कोणती खूण दिसताच कोणता निर्णय घ्यावयाचा, हे आधीच ठरवून ठेवणे. (५) ठरावीक काळाने फेरतपासणी करणे. पाहुण्यांशी रोज संबंध येणारे स्वागतकक्षातील व भोजनकक्षातील कर्मचारी हे उत्तम निरीक्षक असतात. परंतु त्यांचे म्हणणे वरपर्यंत पोहोचण्याची सोय क्वचितच केलेली आढळते.

मर्यादा : अवलोकन म्हणजे भविष्यकथन नव्हे. मुंबईतील हॉटेलांवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेला दहशतवादी हल्ला किंवा २०२० मधील कोविड महामारी यांची तारीख कोणतेही अवलोकन सांगू शकले नसते. माहितीचा अतिरेक झाल्यास निर्णय लांबणीवर पडतात. तसेच व्यवस्थापकास जे पटते तेवढेच दिसण्याचा धोका असतो. तथापि एकाच देशातील प्रवाशांवर, एकाच मध्यस्थावर किंवा एकाच हंगामावर असलेले अवलंबन संकट येण्यापूर्वीच दाखवून देणे अवलोकनास शक्य असते. संकटाचे स्वरूप आधी न कळले, तरी ही दुर्बल स्थळे ज्यांनी ओळखलेली असतात, त्या हॉटेलांना सावरण्यास कमी काळ लागतो.