शंभर वॅटचे केंद्र आणि जुनी गाणी

बेळगावात केएलई संस्थेचे ‘वेणुध्वनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर लागते. अशा केंद्राला साधारणपणे शंभर वॅटची मर्यादा असते, म्हणून त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपुढे विरतो. जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे निपाणी त्याच्या टप्प्याबाहेरच राहते. तिथल्या माणसाला कोल्हापूर जवळचे. आधीची पिढी मध्यम लहरींवर वाढली. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० चे, सांगलीचे १९६३ चे. मध्यम लहरी जमिनीला धरून लांब जातात, त्यामुळे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेची रेघ त्यांना आडवी आली नाही. एफएमने आवाज स्वच्छ केला, पण ऐकणाऱ्यांचा परिसर आखडला. आता या आखडलेल्या परिसरात दोन भाषा शेजारी नांदतात, तेव्हा तिथल्या लहान केंद्राने जुनी गाणी लावावीत आणि कन्नड-मराठी एकाच कार्यक्रमात लावावीत, असे माझे म्हणणे आहे.

याला पहिला आधार इथल्या संगीताचाच. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे आणि कुमार गंधर्व सुळेभावीचे. नाट्यपदांनी कानडी चाली मोकळेपणाने उचलल्या. भीमसेन जोशींनी कन्नड दासपदे आणि मराठी अभंग सारख्याच तन्मयतेने गायले. दुसरा आधार व्यवहाराचा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो आणि गीतकार-संगीतकाराचा त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. ‘मानापमान’चे नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये वारले, त्या नाटकाच्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. त्या पदांच्या जुन्या तबकड्या आज हक्कमुक्त आहेत. गीतकार गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या गीतांसाठी अजून पैसे मोजावे लागतात. जाहिरातींवर मर्यादा असलेल्या केंद्राला हा फरक छोटा नाही.

फोनवर सगळेच मिळते, मग रेडिओ कशाला, असे कोणी विचारील. फोन आपल्याला आवडलेलेच पुन्हा पुढे करतो. शेजाऱ्याचे गाणे न मागता कानावर पडते ते रेडिओवरच. तरुण ऐकणार नाहीत, ही शंका अधिक खरी आहे. नुसत्या ‘सोनेरी आठवणीं’नी ते थांबणारही नाहीत. पण गाण्याआधी निवेदकाने चाल कुठून आली, गाणारा कुठल्या गावचा, हे दोन वाक्यांत सांगितले तर जुने गाणे नव्याने कळते. परक्या भाषेचे गाणे लागताच कान फिरतील, हा तिसरा आक्षेप. काहींचे फिरतीलच. म्हणून सुरुवात दोन्ही भाषांत गाणाऱ्या एकाच आवाजाने करावी; ओळखीचा गळा असला की अनोळखी शब्द खटकत नाहीत. या भागावरून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगून टाकले. जमिनीचा निकाल लागेल तेव्हा लागेल. लहरींचा लागलेला आहे, आणि तो वापरायला शंभर वॅट पुरतात.