बोरीच्या पाण्यात

मेंढ्यांना पाण्यात उतरायचं नाही. नळदुर्गजवळ मैलारपूरला, खंडोबाच्या देवळापासून जरा पुढे बोरी नदीच्या काठावर काळ्या दख्खनी मेंढ्या दाटीवाटीने उभ्या आहेत. पुढची पाणी हुंगते, मागे वळते, की सगळा कळपच वळतो. तेवढ्यात दोन कुत्री चिखलातून येतात. भुंकत नाहीत. एक कळपामागे ठाण मांडतं, दुसरं सरळ पाण्यात शिरतं. कमरेइतक्या पाण्यातले मेंढपाळ मामा एका मेंढीला पाय धरून आत ओढतात, आणि मग धपाधप बाकीच्या पडतात.

"कातरायच्या आधी धुवावं लागतंय," काठावर बसलेल्या मावशी सांगतात. "मातीनं भरल्याली लोकर कातरंला दाद देत न्हाई." घोंगडी विणली जाते ती याच लोकरीची.

माझ्या हातातला पट्टा ताणला जातो. शेरू, आमचा पिंगट कारवान, कान टवकारून थरथरतो आहे. मराठवाड्याच्या माळावर सशामागे धावायची ही जात. लांब पाय, खोल छाती, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. त्यामुळे पाण्यात असा कुत्रा लवकर गारठतो आणि त्याचा मागचा भाग खाली जातो. म्हणून तर हे उथळ, संथ वळण शोधलं.

सकाळी नळदुर्गच्या किल्ल्यात आम्ही आळीपाळीने जाऊन आलो. एकजण शेरूपाशी बाहेर थांबला. पावसाळा यंदा भरपूर झालाय. किल्ला आणि त्याचा जोडकिल्ला रणमंडळ यांना जोडणाऱ्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळताहेत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये हा बंधारा बांधला गेला आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल केला. खिडकीपुढे पाण्याचा पडदा, आणि आत उभं राहणारा कोरडा. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या बांधकामापुढे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पण त्या पाण्याच्या आसपास कुत्र्याला सोडायचं नाही, हे तिथेच ठरलं.

मामा बाहेर येतात, विडी पेटवतात. मी त्यांना फोनवर भाच्याने पाठवलेला व्हिडिओ दाखवते. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचवर कुत्र्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा भाग राखलेला आहे, तिथे त्यांच्या सर्फिंगच्या स्पर्धा होतात. नारिंगी जॅकेट घातलेलं कुत्रं फळीवर चारी पाय रोवून लाटेबरोबर काठापर्यंत येतं.

मामा दोनदा बघतात. "पडलं तर?"

"जॅकेट असतंय ना. तरंगतंय."

"झ्याक," ते म्हणतात. "मालक जवळ हाय, मग भ्यायचं काय?"

समुद्र इथून फार लांब. पण कुत्र्याला माणसाबरोबर पाण्यात उतरता यावं, त्याला कुणी दगड मारू नये, एवढंच पाहिजे असेल तर ते मला इथे मिळतंय. खंडोबाच्या चित्रांत घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच. जुन्या काळी खंडोबाला वाहिलेले भक्त, वाघ्ये, देवापुढे कुत्र्यासारखे भुंकतही. अणदूर आणि मैलारपूर मिळून देवाची मूर्ती एकच, ती सव्वादहा महिने तिकडे आणि पावणेदोन महिने इकडे. आत्ता देव अणदूरला आहे, त्यामुळे देवळापाशी गर्दी नाही. पौष पौर्णिमेच्या यात्रेत याच काठावर पाय ठेवायला जागा नसते. लस टोचलेलं, पट्ट्यातलं कुत्रं घेऊन सहलीला निघालेल्या माणसाला जिल्ह्यात अशा आणखी जागा मिळायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

"ताई, सोडा की त्याला. कुटं जातंय?"

साधा पट्टा काढून मी लांब दोरी बांधते. शेरू पुढचे पाय भिजवतो, मागे येतो, पुन्हा जातो. एक कोकरू प्रवाहाबरोबर वाहायला लागतं. कळपाचं कुत्रं लगेच खालच्या अंगाला पोहत जाऊन त्याच्या आडवं येतं, कोकरू काठाकडे वळतं. ते बघून असो की आणखी कशाने, शेरू उडी घेतो. मान ताणलेली, पाय भराभर चाललेले, मागचा भाग खाली गेलेला. मी गुडघाभर पाण्यात शिरून त्याच्या पोटाखाली हात धरते, तसा तो सरळ होतो आणि पोहायला लागतो. एक वळसा, दुसरा. मग त्याचं अंग कापायला लागतं आणि मी त्याला बाहेर घेते.

अंग झाडून तो सगळ्यांना भिजवतो. मावशी पदराने तोंड पुसतात, फडकं सोडून भाकरीचे तुकडे करायला घेतात. त्यांची दोन्ही कुत्री येऊन बसलेली.

"त्याला भाकरी चालतीया का?"

"चालते की."

"मग आना हिकडं."